राखीनंतरचा कांदा

काल राखी झाली आणि आज सकाळी मेट्रो स्टेशनखालच्या बेकरीवाल्यानं काचेवरचा कागद ओरबाडून काढला. महिनाभर तो तिथं चिकटलेला होता. त्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, ‘सावन स्पेशल, बिना प्याज-लहसुन कॅल्झोन’. मी पाव घ्यायला गेले होते. कागद निघाला, पण कडेची टेप काचेवरच राहिली. तिला दोन माश्या चिकटल्या होत्या आणि त्यातली एक अजून वळवळत होती.

“आंटीजी, अब तो सावन खत्म,” बेकरीवाला म्हणाला. “प्याजवाला निकला है, गरमागरम. एक दूँ?”

त्यानं ट्रे पुढं सरकवला. आंबलेल्या मैद्याचा, करपलेल्या चीजचा, अर्धवट शिजलेल्या कांद्याचा वास भसकन नाकात शिरला. “ना भैया, ब्रेड ही दे दो,” म्हणत मी पदर नाकाला लावला. त्याला वाईट वाटलं असेल. वाटू दे.

मला कॅल्झोनची शिसारी आहे. आवडत नाही असं मी म्हणत नाही, कारण न आवडणाऱ्या गोष्टी माणूस निमूट खाऊ शकतो. मी दोडका खाते, शेपू खाते. कॅल्झोनचं तसं नाही. ज्यांना हा प्रकार माहीत नसेल ते नशीबवान. यीस्ट घालून आंबवलेल्या मैद्याची जाड पोळी लाटायची, अर्ध्या भागात सारण आणि चीज भरायचं, उरलेली अर्धी पोळी त्यावर दुमडायची आणि कडा दाबून भट्टीत भाजायचं. थोडक्यात, सुजलेली करंजी. प्रत्येकाचं एकेक वेगळं, ज्याच्या त्याच्या आवडीच्या सारणाचं, हे म्हणे त्यातलं कौतुक.

माझं नाक तिखट आहे. हे म्हणतात, तू नाकानं कांदे सोलतेस. सोलते तर सोलते. पण जयपूरच्या सावनात ज्याला नाक आहे त्यानं करावं काय? आम्ही कराडकडची माणसं. यांच्या बँकेतल्या बदलीनं इथं आलो, मानसरोवर कॉलनीत फ्लॅट घेतला आणि इथलेच झालो. पण पंचवीस वर्षांत हा ऋतू माझ्या अंगाला लागलेला नाही. आमच्याकडं पाऊस पडतो म्हणजे पडतो. इथं तो उपकार केल्यासारखा एक दिवस कोसळतो आणि मग चार दिवस नुसती उमस. कपडे वाळत नाहीत, उशांना कुबट वास, मैद्यात जाळी. चौकाचौकांत हलवायांनी घेवरच्या चळती रचलेल्या, त्यावर पाक निथळतोय आणि पाकावर माश्या. बायका लहरियाच्या साड्या नेसून, हातांवर मेंदी काढून, झोके घेत गाणी म्हणतात, ते छान दिसतं. लांबून.

अशाच एका सावनात, मानसरोवरात मेट्रोचा पत्ता नव्हता आणि मोबाइलला बटणं होती तेव्हा, माझी लेक मयूरी कॅल्झोन शिकली.

ती तेव्हा नववीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत समोरच्या ब्लॉकमधल्या एका भाभीजींनी बेकिंगचा क्लास काढला. पोरीला घातलं, म्हटलं केक शिकेल, बिस्किटं शिकेल. केक शिकली तीही, पण डोक्यात बसलं ते हेच. शाळा सुरू झाली, पाऊस आला, तरी दर दोन दिवसांनी स्वयंपाकघरात तो काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन निघायचा. भाभीजींनी सांगून ठेवलं होतं, हर मेंबर का अलग बनाओ, ऊपर निशान कर दो. त्यामुळे बाबांचा वेगळा, माझा वेगळा, हिचा वेगळा. माझ्या कॅल्झोनवर सुरीनं ‘आ’ कोरलेला असायचा. भाजल्यावर तो ‘आ’ फुगून उकलायचा आणि माझ्याकडं बघत बसायचा.

यीस्टचं तर काय सांगू! कोमट पाण्यात साखर आणि ते तपकिरी दाणे टाकून वाटी झाकून ठेवायची. थोड्या वेळानं झाकण काढलं की वर फेस, फेसात बुडबुडे आणि त्यातून असा वास, की कुणी ओले मोजे ताडीत भिजत घातलेत. त्या फेसात मैदा कालवला की तो बोटांना, ओट्याला, नळाला, दाराच्या कडीला चिकटायचा. उमसेनं तो आणखी सैल व्हायचा. दुसऱ्या दिवशी नळाच्या चावीवर वाळलेली खपली नखानं खरवडताना माझ्या डोक्यात तिडीक जायची. खपलीखालून मुंग्या निघायच्या.

आणि तयार झाल्यावर? पहिले कित्येक तर भाजताना कडेनं फुटायचे. आतलं चीज, टोमॅटोचा रस, सिमला मिरचीचे तुकडे बाहेर येऊन पत्र्यावर जळायचे. धूर व्हायचा. जे शाबूत राहायचे ते बाहेरून लाल आणि आतून कच्चे. घास घेतला की ओठांपासून हातापर्यंत चीजची तार लोंबायची. लहान पोराच्या नाकातून लोंबतं तेच आठवायचं मला, काय करू? ती तार जिभेनं गुंडाळून आत ओढणाऱ्या माणसांकडं मला बघवायचं नाही, त्यात माझी लेक आणि नवरा दोघंही होते.

पण अन्न टाकायचं नाही. त्यामुळे फुटलेले, करपलेले, कच्चे, सगळे आम्हीच खायचे. हे “वा, मस्त झालंय हं” म्हणत अर्धा खायचे आणि उरलेला कागदात गुंडाळून “शतपावली करून येतो” म्हणून खाली जायचे. एकदा मी गॅलरीतून बघितलं. आमच्या गल्लीत एक पांढरी गाय असायची, प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा न सोडणारी. यांनी तिच्यापुढं कॅल्झोन धरला. तिनं हुंगलं, फुर्र केलं आणि तोंड फिरवून पलीकडच्या कचऱ्याकडं गेली. मला त्या गाईबद्दल फार आपुलकी वाटली.

या सगळ्यापासून एकच माणूस सुटलेलं होतं. माझ्या सासूबाई. त्यांना मी आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणायचे. सासरे गेल्यावर त्या कराडहून आमच्याकडं आल्या त्या राहिल्याच. चारीठाव रांधणारी बाई. मटणाचा रस्सा असा करायच्या की शेजारचे शाकाहारी दारं लावून घ्यायचे. पण यीस्टची वाटी उघडली की त्या लगेच पदर नाकाला लावायच्या.

“शैला, ही घाण कसली गं? घरात गुत्ता काढलास व्हय?”

“मी नाही, तुमच्या नातीनं.”

“बया बया! लेकरू हाय का कोण हाय?” आणि मग त्याच पदराआडून, “पर हात कसा चालतोय बघ तिचा.”

आजी-नातीचं एक विचित्र होतं. एकमेकींवर जीव, पण बोलायला भाषा पुरायची नाही. मयूरीचं मराठी म्हणजे हिंदीला लावलेली ठिगळं. “आजी, मतलब तू मला सांग ना, कब झोपतेस तू?” आणि आत्याबाईंचं हिंदी भाजीवाल्यापुरतं, “ओ भैया, मेथी कवळी हाय का?” पोरीला आजीच्या गोष्टी निम्म्या कळायच्या, आजीला नातीच्या शाळेतलं काहीच कळायचं नाही. त्यामुळे पोरीनं मनाशी एकच धरलं होतं, की आजीनं आपल्या हातचं खावं. केक खाल्ला नाही, कारण गोडात अंडं त्यांना चालायचं नाही. बिस्किटं खाल्ली नाहीत, कारण दात. मग राहिला कॅल्झोन.

“आजी, तुझा पण एक बनवते ना? सिर्फ तुझा.”

“आत्ता न्हाई गं. माझा श्रावण हाय.”

तो श्रावण म्हणजे साधी गोष्ट नव्हती. हे पाच-सहा वर्षांचे असताना भर श्रावणात त्यांना विषमज्वर झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा आत्याबाई देवापुढं बोलल्या, माझा विलास उठू दे, जित्ती असेपर्यंत श्रावणात कांदा-लसणाला शिवणार नाही. पोरगा उठला. तेव्हापासून श्रावण लागला की त्यांचा तवा वेगळा, सुरी वेगळी. मी लग्न होऊन आले तेव्हा हे सगळं मला थोतांड वाटायचं, अजूनही बरंचसं वाटतं. पण त्यांना तसं वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी त्यांचा लेक त्या नेमावर जिवंत होता. त्यांनी कांदा खाल्ला तर त्यांना पाप लागणार नव्हतं. यांचं काहीतरी होणार होतं.

मयूरीला एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. तिला इतकंच माहीत, की आजी सावनात प्याज-लहसुन खात नाही. समोरच्या भाभीजी खात नाहीत, तिच्या मैत्रिणींच्या आया खात नाहीत, तशीच आजी.

आता ज्यांनी महाराष्ट्राबाहेर संसार केलाय त्यांना पुढचं कळलंच असेल. इकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे इकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि राखीला संपतो. आपला श्रावण तेव्हा निम्म्यात असतो. राखीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या मानसरोवरात कांद्याच्या फोडण्या घमघमायला लागतात आणि एखाद्या मराठी घरात एखादी म्हातारी बिनकांद्याची आमटी ढवळत असते. आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलेलं, की लेकरं इथल्या शाळेत, इथल्या सणांत वाढतायत, त्यांना ते वेगळं सांगावं लागतं, हे सुचलंच नाही.

एक दिवस ओव्हनमधून धूर निघाला, कॅल्झोन फुटला आणि पोरगी ओट्यापाशीच रडायला लागली. “रोज फटतो, रोज! मी छोडते आता.” मला मनातून उकळ्या फुटल्या. सुटलो! पण आत्याबाई देवघरासमोरून उठल्या, नाकाला लावलेला पदर कमरेला खोचला आणि ओट्याशी आल्या.

“असं काट्यानं दाबतीस, मग उसवणारच की. दे हिकडं.”

“आत्याबाई, यीस्ट आहे त्यात.”

“धुता येत्यात हात.”

त्यांनी तो चिकट गोळा हातात घेतला. चेहरा असा केला जसा गटारात पडलेली अंगठी काढतायत. मग लाटलेली पोळी दुमडली आणि अंगठ्यानं, तर्जनीनं कडेला मुरड घालायला लागल्या. चिमटीत थोडं ओढायचं, वर दुमडायचं, दाबायचं, पुन्हा ओढायचं. दिवाळीत करंजीला घालतात तीच. मैदा सैल होता, लोंबत होता, तरी त्यांची बोटं तालात चालली होती. मयूरी डोळे पुसून बघत राहिली. मग तिनं दुसरा घेतला. आजीनं तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून मुरड घालून घेतली. तेवढ्या वेळात दोघींना एकही शब्द लागला नाही.

तो कॅल्झोन फुटला नाही. एक थेंबसुद्धा बाहेर आला नाही. मयूरी ओव्हनच्या काचेला नाक लावून नाचत होती आणि आत्याबाई मोरीत डाळीच्या पिठानं कोपरापर्यंत हात घासत होत्या. “शी, शी! बोटाबोटाला वास येतोय!” घासून घासून कातडी लाल झाली.

“आजी, आता तरी खाशील ना?”

“श्रावण होऊ दे. मग खाईन.”

“पक्का?”

“पक्का,” आत्याबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांनी नातीकडूनच उचलला होता.

राखी झाली. कॉलनीतल्या शंकराच्या देवळावरचा भोंगा उतरला. शाळेत मुली म्हणाल्या, सावन खतम. वाण्यानं दिलेल्या कॅलेंडरवरही तेच होतं. मयूरीनं दोन दिवस कळ काढली आणि मग शाळेतून आल्या आल्या मैदा भिजवला. मला वाटलं, नेहमीचंच. तिनं बाबांच्यात मका घातला, माझ्यात पनीर. मी त्या वासात उभी राहिले नाही. आभाळ भरून आलं होतं, गॅलरीत तीन दिवसांचे दमट कपडे होते. ते काढायला गेले तोवर पाऊस कोसळायलाच लागला.

कपड्यांचा ढीग छातीशी धरून आत आले, तर आत्याबाई डायनिंग टेबलाशी बसलेल्या आणि पुढ्यात ताटली. ताटलीत कॅल्झोन, त्यावर कोरलेली छोटीशी काठी. आजी फिरायला न्यायची ती काठी. मुरड नीटनेटकी. नात समोर उभी, हातात तिचा जुना फ्रॉक फाडून केलेलं फडकं, गालाला मैदा. आत्याबाईंनी एवढं वेगळं, एवढं जपून केलेलं बघून विश्वासानं घास घेतला होता. पोरीला धीर निघाला नाही, म्हणून आपल्यासाठी बिनकांद्याचं केलंय, नाहीतर वेगळं कशाला केलं असतं? त्यांनी दुसरा घास घेतला. चावता चावता जबडा थांबला.

“ह्यात काय घातलंयस गं?”

“सगळं! प्याज, लहसुन, सब डबल!” मयूरी टाळ्या पिटत म्हणाली. “मतलब तुझा सावन खतम झाला ना, आजी! इतके दिवस तू फिका खात होतीस, म्हणून तुझ्यात सबसे जादा घातला.”

माझ्या हातातले कपडे खाली पडले. मी तोंड उघडलं. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मला त्यांनी आयुष्यात कधी दटावलं नाही, पण त्या दिवशीच्या त्या नजरेनं माझं तोंड मिटलं. तोंडात घास तसाच होता. गाल फुगलेला, डोळ्यांत पाणी. ताटली शेजारी होती, थुंकता आलं असतं. चाळीसच्या आसपास श्रावण त्या बाईनं पाळले होते आणि सगळे त्या एका घासात अडकले होते.

त्यांनी गिळलं. गळ्याची घाटी खालीवर झाली, ते मला दिसलं.

“आजी, कैसा है? मतलब, कसा झाला?”

“मुरड ब्येस पडलीया,” आत्याबाई म्हणाल्या. आणि सगळा संपवला. चीजची तार हनुवटीवर लोंबली, ती बोटानं पुसून बोट चाटलंसुद्धा. एक कण ठेवला नाही. पोरगी उड्या मारत मैत्रिणीला फोन करायला गेली.

ती गेल्यावर त्या मोरीत गेल्या. मी मागं धावले. त्या भिंतीला हात टेकून ओकत होत्या. मी पाठीवर हात ठेवला. कांदा, चीज, आंबलेला मैदा, सगळा वास परत बाहेर आला, पण मी हात काढला नाही. पाणी ओतलं, चूळ भरायला दिली.

“शी! काय घाण चीज हाय गं ते,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “रबार. रबार नुसतं. ह्ये काय खात्यात माणसं?” मग माझं मनगट धरलं. “तिला सांगायचं न्हाई. कधीच न्हाई. आन घे माझी.”

“नाही सांगत, आत्याबाई.”

“आन घे.”

घेतली. मग त्यांनी विचारलं, “विलास आला का गं?”

हे आले नव्हते. यांची शाखा सांगानेरला, यायची वेळ टळून गेली होती आणि बाहेर तो एकदाच येणारा पाऊस होता, रस्ते नाल्यासारखे वाहत होते. फोन लावला तर लागेना. नेहमीचंच होतं ते, पावसात फोन कधी लागायचा? पण आत्याबाई दारात जाऊन बसल्या. जपमाळ हातात होती, पण मणी सरकत नव्हता. दर स्कूटरच्या आवाजाला उठायच्या, पुन्हा बसायच्या. मी सांगत होते, येतील हो, आडोशाला थांबले असतील. त्यांना ऐकू येत नव्हतं. आणि खरं सांगते, मी शिकलेली बाई, असल्या गोष्टींना हसणारी, मीही थोड्या वेळानं त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसले. मला भीती वाटत होती आणि त्या भीतीचा मला संताप येत होता. आत मयूरी गुणगुणत ताटं मांडत होती.

शेवटी जिन्यात पचक पचक पावलं वाजली. हे आले. वाटेत नाल्याचं पाणी रस्त्यावर आलेलं, स्कूटर बंद पडलेली, ती त्या पाण्यातून ढकलत आणलेली. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, पँटीला अडकलेली पिशवी, अंगाला गटाराचा असा दर्प की मी दोन पावलं मागं सरले. आत्याबाईंच्या राज्यात बाहेरून आलेल्या माणसाला पाय धुतल्याशिवाय चटईवर बसता यायचं नाही. त्याच आत्याबाईंनी पुढं होऊन यांना घट्ट मिठी मारली. डोकं पुसलं, तोंड पुसलं, ओल्या घाण शर्टावर गाल टेकला.

“अगं आई, थांब, घाण लागेल!”

“लागू दे,” त्या म्हणाल्या. “लागू दे, बाबा.”

त्या रात्री यांनी दोन कॅल्झोन खाल्ले आणि गाईकडं गेले नाहीत.

पुढच्या वर्षापासून आत्याबाईंनी एक तोड काढली. जयपूरचा सावन लागला की त्यांचा कांदा बंद, आणि तो थेट आपल्या पिठोरी अमावास्येपर्यंत. दीड महिना! मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाल्या, कुणाच्याबी हिशेबानं चूक व्हायला नको. मयूरीनं विचारलं, “आजी, तुझं सावन इतकं लंबं का असतं?” तर म्हणाल्या, “वय झालं की लांबतंय.” पोरीला पटलं. आणि अमावास्या उलटली की डबल कांद्याचा कॅल्झोन त्यांच्यासमोर यायचा. नाक मिटून खायच्या, “ब्येस झालाय” म्हणायच्या आणि माझ्याकडं बघून असं तोंड करायच्या की मला हसू आवरायला पदर तोंडात घालावा लागायचा. शेवटपर्यंत त्यांना तो पदार्थ आवडला नाही. याबाबतीत आम्हा सासू-सुनेचं पूर्ण एकमत होतं, आणि अशा बाबी फार नव्हत्या.

त्या गेल्या त्यालाही बरीच वर्षं झाली. जाताना मला काही सांगून गेल्या नाहीत. नेम पुढं चालव म्हणाल्या नाहीत. पण त्या गेल्यावरच्या पहिल्या सावनात, सकाळी पोहे करायला कांदा चिरायला घेतला आणि सुरी तशीच ठेवून दिली. माझा काही विश्वास नाही. यांच्या छातीत नंतर स्टेंट बसवला, तो डॉक्टरांनी बसवला, कांद्यानं नाही. तरी दर वर्षी दीड महिना माझा कांदा-लसूण बंद असतो. बाहेर पाऊस, घरात बिनकांद्याची बेचव आमटी, आणि स्वतःचाच वैताग. विचारलं कुणी तर सांगते, बाधतो मला. यांनासुद्धा तेच सांगितलंय.

पाव घेऊन घरी आले तर फोन वाजत होता. मयूरी. गुडगावला नोकरी करते, रजा आजपासून मिळाली होती.

“आई, संध्याकाळी पोचते. मी कॅल्झोन करणार हं, सबके लिए. आजीवाला. राखीनंतरचा पहिला, डबल प्याज. याद है ना, आजीनं कसा चाटूनपुसून खाल्ला होता?”

“हो गं, आठवतंय.”

“तुझ्यात पण तसाच. आणि सुन, बाबा सांगत होते तू या दिवसांत कांदा खात नाहीस. कुछ आजीसारखं धरलंयस का तू? पण सावन तर काल संपला ना?” मग थोडी थांबली. “मतलब, आपला संपला ना, आई? आपला वेगळा तर नसतो?”

नाही संपला म्हणावं, तर आजकालची पोरगी, पुढच्या मिनिटाला मोबाइलमध्ये बघणार. मग तो जुना दिवस तिला पुन्हा दिसणार, टाळ्या पिटणारी ती आणि घास तोंडात धरलेली आजी. इतकी वर्षं जपलेली तिची एवढीशी गोष्ट, ‘आजीनं माझ्या हातचं आवडीनं खाल्लं’, ती नासणार. आणि संपला म्हणावं, तर संध्याकाळी ते सुजलेलं, लोंबतं, घाणेरडं चीज कांद्यासकट माझ्या ताटलीत. शी! बाहेरच्या खोलीत हे चप्पल घालत होते, भाजी आणायला.

“संपला, बाई,” मी म्हटलं. “कालच संपला. घाल कांदा.”

“लहसुन पण?”

“लसूण पण घाल. मुरड तेवढी नीट घाल.”

फोन ठेवला. यांना म्हटलं, आज कुठंही जायचं नाही. का म्हणून विचारलं त्यांनी. का म्हणजे? आभाळ भरलंय. आभाळ कुठं भरलंय, म्हणाले, लख्ख ऊन आहे. खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली, स्वयंपाकघरात गेले आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून ती तळाशी पुरून ठेवली.